सामाईक भिंतीखाली

जिन्याखालच्या कपाटातून टॅम्सिनने आधी व्हॅक्यूम क्लीनर ओढून काढला, मग इस्त्रीचं टेबल, मग नाताळच्या दिव्यांचा गुंता, आणि शेवटी विनीच्या जन्माच्या वेळी कुणीतरी दिलेलं, अजून न उघडलेलं एक खोकं. हे सगळं तिने एका हाताने, कोळिष्टकांतून केलं. दुसऱ्या हातावर विनी होती. तिचे दात येत होते आणि खाली ठेवलं की ती रडत होती. कपाट रिकामं झालं तसं मिरेलाने गुडघे टेकले, पटाशीचं टोक दोन फळ्यांच्या फटीत घातलं आणि मान वर न करता म्हणाली,

"या फळ्या आधी कुणीतरी काढल्यात."

"आम्ही नाही काढल्या."

"तुम्ही नाहीच. खिळे जुने आहेत. पण घराइतके जुने नाहीत."

मिरेला इंजिनियर होती. पन्नाशीची, जाड चष्म्याची, सकाळपासून हे तिसरं घर तपासत असल्याची तक्रार तिने दारातच करून टाकली होती. तिला नेमलं होतं शेजारच्या डेस्मंड लॅथलीननी. त्यांना त्यांच्या घराखाली खणायची परवानगी गेल्या आठवड्यात मिळाली होती, आणि कुदळ लागण्याआधी लगतच्या घराची फरशीखालपर्यंत तपासणी व्हावी, असलेला प्रत्येक तडा लिहून ठेवावा, अशी कौन्सिलने अट घातली होती. ती अट टॅम्सिनमुळेच आली होती.

ही सगळी घरं एका रांगेत, एकमेकांना खेटून, उतारावर उभी. समोरून पायऱ्या चढून आत यायचं आणि मागचं अंगण मात्र एक मजला खाली. डेस्मंडना घराच्या पोटात खणून त्या अंगणाच्या पातळीला एक खोली काढायची होती, एक न्हाणीघर. त्यांची बायको आयल्सा अर्धांगाच्या झटक्यानंतर सिडनीच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात होती. पायऱ्या तिला आता या जन्मी चढता येणार नव्हत्या. मागच्या बोळातून चाकांची खुर्ची थेट खोलीत नेता आली असती. एवढाच सगळा बेत. पण घरं वारसा यादीत, मधली भिंत दोघांची, त्यामुळे बेताला दीड वर्ष लागलं. त्यातले बरेच महिने टॅम्सिनच्या हरकतीने खाल्ले होते.

हरकत कशी लिहायची ते तिला मॉरीन पास्कोने शिकवलं. मॉरीन रहिवासी मंडळाची चिटणीस. गॅलरीच्या लोखंडी जाळीला चुकीचा हिरवा रंग लावला म्हणून तिने एका सर्जनला पुन्हा शिडीवर चढवलं होतं.

"वारसा-बिरसा मी बघते," मॉरीन म्हणाली होती. "तू बाळ लिही. पहिल्या ओळीत बाळ. कौन्सिलवाल्यांना विटांची दया येत नाही बाई, बाळाची येते."

टॅम्सिनने बाळ लिहिलं. बैठकीत तिला बोलायला तीन मिनिटं मिळाली, त्यातही ती बाळाबद्दलच बोलली. भिंतीला लागून पाळणा आहे. यंत्रं महिनोन्‌महिने खडक फोडणार. आधीच झोप नाही. बोलताना तिचा आवाज कापला, आणि तो खरोखरच कापला होता. डेस्मंड दुसऱ्या रांगेत मांडीवर हॅट ठेवून बसले होते. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेले गृहस्थ. तिचं संपल्यावर त्यांनी, विद्यार्थिनीने अवघड जागा नीट निभावून नेल्यावर हलवावी तशी, मान हलवली होती.

परवानगी त्यांना तरीही मिळाली. टॅम्सिनला मिळाली ती ही अट.

दोन फळ्या निघाल्या. मिरेलाने कपाळाला दिवा बांधला आणि पाय खाली सोडले. तिथे फार तर मांजराला सरपटता येईल एवढी जागा असायला हवी होती. मिरेला उतरली ती उतरतच गेली. कमरेपर्यंत, खांद्यांपर्यंत, आणि मग तिच्या दिव्याचा उजेड तेवढा फळ्यांखालून इकडेतिकडे फिरताना दिसू लागला. विनी रडायची थांबली आणि वाकून बघू लागली.

"वाईन कोण करायचं इथे?" खालून आवाज आला.

"काय?"

"वाईन. पिंपांच्या कड्या आहेत. बुचं आहेत पोतंभर."

"आमच्या आधी एक माल्टाचं म्हातारं जोडपं होतं. ग्रेक आडनावाचं. मुलांनी घर विकलं आम्हाला."

खालून फोनचा फ्लॅश दोन-तीनदा चमकला. मग मिरेलाचं डोकं कपाटाच्या तळाशी उगवलं. केसांत कोळिष्टकं, चष्मा धुळीने पांढरा. तिने फोन टॅम्सिनपुढे धरला.

"ही तुमची मधली भिंत. खालून. आता पाया दाखवा मला."

टॅम्सिनने बघितलं. मातीत नीट, हाताने कोरलेली खोली. भिंतीच्या बुडाशी ओळीने चौकोनी काळी भोकं, फळ्या ठोकलेली, एकात अजून एक रिकामी बाटली आडवी.

"म्हाताऱ्याने पायाचे दगड उचकटून बाटल्यांसाठी कोनाडे केलेत," मिरेला म्हणाली. "एक सोडून एक, अगदी मापात. माणूस टापटिपीचा होता."

"मग भिंत कशावर उभी आहे?"

मिरेलाने फोनची काच बाहीला पुसली.

"सवयीवर," ती म्हणाली.

ती वर आली आणि तिथेच, इस्त्रीच्या टेबलाला पाठ टेकून जमिनीवर बसली. तिने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर, रोज कुणाला तरी हेच सांगावं लागणाऱ्या माणसाच्या आवाजात ती सांगत गेली. उद्या पडणार नाही. परवाही नाही. पण पाळणा त्या भिंतीपासून हलवा, आजच. टेकू लावता येतील, पण टेकू म्हणजे काही पाया नव्हे.

"खरा उपाय एकच. आणि तो तुमच्या शेजाऱ्यांच्या नकाशात आहे. खणण्याआधी ते या भिंतीखाली नवा पाया घालणार आहेत. थेट खडकापर्यंत, थोडा थोडा करत, भिंतीला कळूही न देता. भिंत एकच आहे, तो पाया तुम्हालाही धरेल." तिने टॅम्सिनकडे बघितलं. "हरकत घेतलेली ती तुम्हीच ना?"

"हो."

"नशीब, कुणी ऐकली नाही."

"आणि समजा, त्यांनी काम केलंच नाही तर?"

"मग तुम्हाला करावं लागेल. तुमचा अर्ज, तुमचे नकाशे. रस्त्यावर खांबाला नोटीस, शेजाऱ्यांच्या हरकती, बैठक." मिरेलाने ग्लास खाली ठेवला. "त्या लॅथलीननी काढलं तेच सगळं. पण ते कशाला नाही करणार? एवढं लढून मिळालंय. शुक्रवारी माझा अहवाल त्यांच्या हातात पडेल. तुम्हाला आधी सांगितलं, कारण झोपता तुम्ही इथे."

जाताना तिने फळ्या जागेवर ठेवल्या, पण खिळे ठोकले नाहीत.

टॅम्सिनने नवऱ्याला, कॅलमला फोन लावला. तो फेरीबोटीवर इंजिन बघायचा, त्यामुळे त्याच्याशी बोलणं म्हणजे ओरडणंच.

"थांब, थांब," सगळं ऐकून तो म्हणाला. "दीड वर्ष आपण ज्याला नको-नको म्हणतोय..."

"हो."

"ते आता पाहिजे."

"हो."

"बरं. मॉरीनला तू सांग. मी नाही सांगणार."

ती हसली नाही. तोही मग हसला नाही. "डेस्मंडकडे जा," तो म्हणाला. "आत्ताच जा. माफी-बिफी काय मागायची ती माग. चांगला माणूस आहे तो. अजून आपले कचऱ्याचे डबे आत आणून ठेवतो, माहितीये ना?"

तिला माहीत होतं. कचऱ्याची गाडी येऊन गेली की गल्लीत जो आधी घरी येईल तो शेजाऱ्याचे डबेही आत ओढायचा. हरकत नोंदवल्यापासून टॅम्सिनने डेस्मंडच्या डब्यांना हात लावला नव्हता. वैर म्हणून नव्हे, लाजेने. दर आठवड्याला तिचे डबे मात्र दारापाशी आलेले असायचे, झाकणं नीट लावून.

तिने पाळणा खोलीच्या मधोमध ओढला. तिथे तो तात्पुरता, कुठेतरी न्यायला काढून ठेवल्यासारखा दिसत होता. मग विनीला काखेत घेऊन ती शेजारच्या पायऱ्या चढली. काय बोलायचं ते तिने पायऱ्यांवर दोनदा जुळवलं.

दार उघडंच होतं. डेस्मंड स्वयंपाकघरात टेबलावर पसरलेले मोठे नकाशे गुंडाळत होते. अंगात बाहेरचा कोट तसाच. शुश्रूषागृहाहून आत्ताच आले असावेत. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, यायलाही दोन.

"ये गं पोरी. बरं झालं तूच आलीस. मीच यायचं म्हणत होतो, पण कोणत्या तोंडानं यायचं ते ठरत नव्हतं."

"डेस्मंड, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"आधी मी. म्हाताऱ्यांना आधी बोलू द्यावं, नाहीतर आम्ही विसरतो." त्यांनी विनीसाठी हात पुढे केले. विनी त्यांच्याकडे गेली आणि तिने लगेच त्यांचा चष्मा धरला. "धर, धर. तसंही मला त्यातून फारसं दिसत नाही. हां, तर. मी नाही खणत."

टॅम्सिन खुर्चीवर बसली.

"तपासणी सुरू होईपर्यंत थांबलो होतो, आयल्साला आज सांगितलं. परवानगी मिळाली म्हटलं, टाळ्या वाजव. तिचा एक हात चालत नाही, त्यामुळे हा जरा वाईटच विनोद होता, पण तिला आवडतात वाईट विनोद. हसली. मग म्हणाली, 'बाळ.'" डेस्मंडनी विनीच्या मुठीतून चष्म्याची एक काडी सोडवली. "शब्द मोजकेच येतात तिला आता. पुन्हा म्हणाली, 'बाळ.' मग म्हणाली, 'नको.' एवढ्या वर्षांच्या संसारात माणसाला दोन शब्द पुरतात."

"त्यांना कसं माहीत..."

"मी सांगितलं ना. त्या दिवशी तू इतकं मनापासून बोललीस. मी तिला सगळं करून दाखवलं होतं, तुझ्या आवाजासकट." ते किंचित ओशाळले. "बरंच जमलं होतं. तेच बाधलं."

बाहेर मागच्या बोळात कुणीतरी मोटार मागे घेत होतं. डेस्मंडनी तो आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली.

"तिला कायमची खोली देतायत तिथे. उद्या सही करायची आहे. कोपऱ्यावरची आहे, उजेडाची. खिडकीतून रेल्वे दिसते. तिला गाड्या आवडतात." मग चष्म्याची दुसरी काडी सोडवत ते म्हणाले, "आवडायला लागतील."

"आणि इंजिनियर? त्यांचा अहवाल?"

"फोन केला मघाशी त्या बाईंना. म्हटलं, झालेल्या कामाचे पैसे घ्या आणि अहवाल राहू द्या. गाडीत होत्या, काहीतरी सांगायला बघत होत्या. मी म्हटलं, बाई, मला ऐकू कमी येतं, आणि ठेवला." ते हसले. "येतं तसं बरं. पण नकाशावाल्यांचं, इंजिनियरांचं एकदा ऐकायची सवय लागली की माणसाचं आयुष्य त्यातच जातं. माझं दीड वर्ष गेलं."

टॅम्सिनने हात टेबलाखाली घेतले. पायऱ्यांवर जुळवलेलं वाक्य डोक्यात जसंच्या तसं होतं. ते वाक्य एका जिंकलेल्या माणसासाठी केलेलं होतं. समोर बसलेल्या या माणसाला ते कुठूनच लागू होईना.

"तुम्हाला ती खोली हवी होती," ती म्हणाली.

"माणसाला काय, पुष्कळ काय-काय हवं असतं." त्यांनी विनीला तिच्याकडे परत दिलं, चष्मा डोळ्यांना लावला आणि टॅम्सिनकडे नीट पाहिलं. "किती दिवस झाले, तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी कुंपणावरून बघतोय. दर वेळी वाटायचं, ही माझ्यामुळे. जा आता. झोप काढ."

"थँक यू, डेस्मंड."

शब्द तिच्या तोंडून निघून गेले होते. दार कुणी धरून ठेवलं, रस्ता दिला, की निघतात तसेच. ती उठली. ते तिला सोडायला पुढच्या खोलीपर्यंत आले. तिथे भिंतीला लागून जुना पियानो होता, त्यावर वह्यांचे ढीग, आणि आयल्साचा एक फोटो, वाऱ्याने उडू नये म्हणून तिने हॅट दोन्ही हातांनी धरलेली.

"तुझ्या घरात आधी साल्वू ग्रेक राहायचा," डेस्मंड म्हणाले. निरोप लांबवायची त्यांची ही जुनी खोड होती. "भेटली नसशील तू त्याला. त्याच्या हातची वाईन, अहाहा! दर नाताळला एक बाटली या पायऱ्यांवर. कुठे करतो, कशी करतो, कुणी कधी विचारलं नाही. या गल्लीची रीतच ती. भिंतीतून सगळं ऐकू येतं, म्हणून विचारायचं काहीच नाही."

टॅम्सिनने विनीला घट्ट धरलं.

"आणि त्याची बायको जुझा! बाई, काय आवाज. दर शनिवारी जेवणं झाली की सुरू. सूर म्हणशील तर भयंकर, पण दम असा की पियानोवरचा हा फोटो हलायचा. आयल्सा म्हणायची, हिला कुणीतरी साथ द्या, बिचारी एकटीच ओरडतेय. मग मी बसायचो इथे. ती तिकडून गायची, मी इकडून वाजवायचो. चांगलं मोठ्यांदा, म्हटलं तिला ऐकू जायला हवं. किती वर्षं चाललं असेल ते! एकदा मी दमून थांबलो, तर साल्वू धावत आला दारात. मातीने माखलेला, बागेतून आला असेल. म्हणाला, 'मास्तर, थांबू नका, तिचा मूड जातो.'"

ते आठवणीनेच हसत होते. टॅम्सिनला दार समोर दिसत होतं. दारापलीकडे पायऱ्या, मग तिच्या पायऱ्या, मग मधोमध ओढलेला पाळणा. उद्या ते सही करतील. कुणाला कळायचं कारण नव्हतं. अर्ज तिलाही करता येईल, कधीतरी, सवडीने, निराळ्या कारणाने.

"असो," डेस्मंड म्हणाले. "घाबरू नकोस. कुणी काही खणत नाही आता. ही बया आपल्या दोघांना पुरून उरेल." आणि गोठ्यातल्या जुन्या गाईच्या पाठीवर मारावी तशी थाप भिंतीवर मारायला त्यांनी पियानोवरून पंजा उचलला.

टॅम्सिनने त्यांचं मनगट धरलं.

विनी दोघांच्या मधे चेपली गेली, पण रडली नाही. "नका," टॅम्सिन म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच निघालं. मग पुन्हा, अगदी हळू, "नका, प्लीज."

डेस्मंडनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या बोटांना, नखांच्या कडांना लागलेल्या कोळिष्टकांकडे. मग भिंतीकडे. भिंतीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, विसरलेली चाल मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहावी तसे. शनिवार, असा एक शब्द तिला ऐकू आल्यासारखा वाटला. मग त्यांनी तिच्या मुठीतला आपला हात, सोडवून न घेता, सावकाश खाली आणला.

"किती खोल आहे?" त्यांनी विचारलं.